जागच्या जागी इतिहास

एखाद्या गावाचा इतिहास त्या गावाच्या चव्हाट्यावर, बंदराच्या धक्क्यावर, तळ्याच्या बांधावर किंवा देवळाच्या आवारात, येणाऱ्याजाणाऱ्याला सहज पाहता आणि वाचता येईल अशा रीतीने मांडला जातो, तेव्हा त्या मांडणीला सार्वजनिक इतिहासदर्शन म्हणता येते. माहितीफलक, स्मारकशिळा, पुतळा, नकाशा, जुन्या वास्तूवरील नामपट्टी हे त्याचे नेहमीचे प्रकार आहेत. संग्रहालयात वस्तू तिच्या मूळ जागेवरून उचलून आणलेली असते आणि तिच्याभोवतीचा परिसर अभ्यासकाला शब्दांनी पुन्हा उभा करावा लागतो. येथे मात्र वस्तू जागच्या जागी राहते, माणूस तिच्यापाशी जातो, आणि परिसर हाच पुराव्याचा एक भाग ठरतो. १ मे १९८१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातून वेगळा झालेला आणि एका जलदुर्गाचे नाव धारण करणारा सिंधुदुर्ग जिल्हा अशा दर्शनासाठी विलक्षण अनुकूल आहे, कारण तेथील इतिहासाचा फार मोठा भाग समुद्रात, सड्यावर, खाडीच्या मुखाशी आणि पाणंदीच्या कडेला उघड्यावर आहे. तो दाखवणाऱ्या फलकाने वाचणाऱ्याच्या नजरेसमोर जे आहे त्याकडे आधी बोट दाखवावे, आणि जे सांगितले जात आहे ते कागदपत्रांवरून, परंपरेवरून की अनुमानावरून, हे स्पष्ट करावे, ही या प्रकरणाची भूमिका आहे.

लोकांच्या वाटेवर मजकूर उभा करण्याची प्रथा कोकणाला नवी नाही. इसवी सनपूर्व तिसऱ्या शतकात सम्राट अशोकाने आपले आदेश जेथे लोकांची ये-जा होती अशा ठिकाणी दगडावर कोरवले, आणि उत्तर कोकणातील सोपारा या बंदरातही ते कोरले गेले. त्यांपैकी आठव्या लेखाचा तुकडा पंडित भगवानलाल इंद्रजी यांना १८८२ मध्ये मिळाला. शिलाहारांच्या काळात दानाच्या जमिनीच्या हद्दीवर गधेगाळ उभे राहू लागले. गधेगाळ म्हणजे दान मोडणाऱ्याला दिलेली शापवाणी चित्ररूपाने कोरलेला दगड. त्याच्या माथ्यावर सूर्य आणि चंद्र असतात आणि ते आकाशात आहेत तोवर हे दान अबाधित राहील असा त्यांचा अर्थ होतो, म्हणजे ज्याला अक्षर वाचता येत नव्हते त्यालाही हा दगड समजत होता. लढाईत पडलेल्यांच्या स्मरणार्थ उभारलेले वीरगळही याच परंपरेतले. यांतील बहुतेक लेख आणि शिल्पे काळ्या पाषाणात का आहेत याचे उत्तर कोकणच्या भूगर्भात आहे. येथील घरे, गडगे आणि विहिरी ज्या जांभ्याने बांधल्या जातात तो दगड सच्छिद्र असल्याने त्यावर बारीक अक्षर टिकत नाही. मोठी, ठळक रेघ मात्र त्यावर हजारो वर्षे राहू शकते, आणि याचा प्रत्यय पुढे कुडोपीच्या सड्यावर येणार आहे.

मालवणच्या दांडी भागातील किनाऱ्यावर असलेला मोरयाचा धोंडा हा या जुन्या परंपरेतील सिंधुदुर्गाचा सर्वांत महत्त्वाचा दगड मानायला हवा. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी समोरच्या कुरटे बेटावर जलदुर्ग उभारण्याच्या कामाचा आरंभ झाला, तेव्हा छत्रपती शिवाजी महाराजांनी पूजन केले ते या खडकावर, अशी परंपरा आहे, आणि खडकावर गणपतीबरोबर सूर्य आणि चंद्र कोरलेले आहेत. गधेगाळावरील सूर्यचंद्र ज्याने पाहिले आहेत त्याला या खडकावरील सूर्यचंद्रांचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. ज्याने पाहिलेले नाहीत त्याला तो दोन वाक्यांत सांगणे हे फलकाचे काम आहे. येथून पश्चिमेला पाहिले की किल्ल्याची तटबंदी पाण्यातून वर आलेली दिसते, आणि ओहोटीच्या वेळी तिच्या सभोवारचे खडकही उघडे पडतात. हे खडक हेच या जागेच्या निवडीचे मर्म होते. परक्या गलबताला त्यांतून वाट काढणे कठीण होते आणि वाट ठाऊक होती ती येथल्या दर्यावर्दी लोकांना. इतकी गोष्ट सांगायला मोठ्या इमारतीची गरज नाही. भरती-ओहोटीचे दोन आराखडे आणि बाणाने दाखवलेली होड्यांची वाट एवढे पुरेसे आहे.

सिंधुदुर्ग एकटा समजून घेता येत नाही, ही दुसरी गोष्टही किनाऱ्यावरूनच उत्तम कळते. त्याच्या आधाराला जवळच्या खडकावर पद्मगड, मालवणच्या किनाऱ्यावर राजकोट आणि उत्तरेला कोळंब खाडीच्या मुखाशी सर्जेकोट अशी लहान ठाणी होती, आणि चारांचा मिळून एक आरमारी तळ बनत होता. जंजिऱ्याचा सिद्दी उत्तरेला आणि पोर्तुगीजांचा गोवा दक्षिणेला असताना मधल्या किनाऱ्यावर हा तळ का हवा होता, हे एका नकाशात दिसते. किल्ल्यात गेल्यावर मात्र फलकाने राजकारण बाजूला ठेवून पाहणाऱ्याच्या पायाखालच्या गोष्टींकडे वळावे. छत्रपती राजाराम महाराजांच्या काळात, १६९५ मध्ये उभारलेल्या शिवराजेश्वर मंदिरातील महाराजांची मूर्ती वीरासनात बसलेली, दाढी नसलेली आणि डोक्यावर नाविकासारखी टोपी असलेली आहे. जे रूप चित्रांतून आणि पुतळ्यांतून सर्वांच्या परिचयाचे आहे त्याहून हे इतके वेगळे का, हा प्रश्न प्रत्येकाला पडतो. तटावरील लहान घुमट्यांखाली चुन्यात उमटलेले हाताचे आणि पायाचे ठसे महाराजांचे असल्याची श्रद्धा आहे. दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या विहिरींना चारी बाजूंनी खारे पाणी असताना गोडे पाणी लागते. पावसाचे गोडे पाणी खडकात आणि मातीत मुरते आणि ते खाऱ्या पाण्यापेक्षा हलके असल्याने त्यावर तरंगत राहते, हे त्यामागचे शास्त्र सांगितले तर विहिरीचे कौतुक वाढते, कमी होत नाही. १७६५ मध्ये इंग्रजांनी हा किल्ला घेऊन त्याला फोर्ट ऑगस्टस असे नाव दिले आणि ते नाव टिकले नाही, हीसुद्धा सांगण्याजोगी गोष्ट आहे.

अशा ठिकाणी प्रवाशाला बहुधा पहिला दिसतो तो भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचा निळा फलक. हे स्मारक १९५८ च्या प्राचीन स्मारके आणि पुरातत्त्वीय स्थळे व अवशेष अधिनियमाखाली राष्ट्रीय महत्त्वाचे म्हणून संरक्षित आहे आणि त्याची नासधूस करणाऱ्याला शिक्षा होईल, असे तो सांगतो. २०१० च्या दुरुस्तीनंतर ही शिक्षा दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी आहे, आणि स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरांपर्यंत बांधकामाला मनाई व त्यापुढील २०० मीटरांत नियंत्रण आहे. हा फलक कायद्याचा असून तो आवश्यकच आहे, पण त्याने स्मारक समजत नाही. अमेरिकेतील राष्ट्रीय उद्यानांच्या अनुभवावरून फ्रीमन टिल्डेन यांनी १९५७ मध्ये लिहिलेल्या पुस्तकात वारसास्थळाच्या विवरणाचा पाया घातला; नुसती माहिती देणे म्हणजे विवरण नव्हे, पाहणाऱ्याच्या मनात कुतूहल जागे होऊन त्याने स्वतः पाहू लागणे हा विवरणाचा हेतू, असे त्यांचे प्रतिपादन होते. ११ जुलै २०२५ रोजी 'भारतातील मराठा लष्करी भूदृश्ये' या नावाने बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले आणि त्यांत सिंधुदुर्ग व विजयदुर्ग हे या जिल्ह्यातील दोन किल्ले आहेत. त्यामुळे विवरणाची जबाबदारी आता आणखी मोठी झाली आहे, कारण ती नोंद सुट्या किल्ल्यांची नसून डोंगर, जंगल, बेट आणि किनारा यांचा वापर करून उभ्या केलेल्या एका संरक्षणव्यवस्थेची आहे.

पुतळा हा सार्वजनिक इतिहासदर्शनाचा सर्वांत लोकप्रिय प्रकार. राजकोट येथे ४ डिसेंबर २०२३ रोजी, नौदल दिनी, शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचे अनावरण झाले, २६ ऑगस्ट २०२४ रोजी तो कोसळला आणि महाराष्ट्रभर लोक व्यथित झाले. मे २०२५ मध्ये त्याच जागी नव्या, अधिक उंच पुतळ्याचे अनावरण झाले. पुतळ्याने आदर व्यक्त होतो आणि तो व्हायलाच हवा. परंतु पुतळा ज्या जागेवर उभा आहे ती राजकोटाची जागा स्वतःच सतराव्या शतकातील आरमारी तळाचा एक भाग आहे, आणि पुतळ्याच्या दर्शनाला येणाऱ्या माणसाला ती गोष्ट पायथ्याशीच वाचायला मिळाली, तर त्याची नजर पुतळ्यावरून समोरच्या जलदुर्गाकडे आणि तेथून पद्मगडाकडे आपोआप जाईल.

परंपरा आणि पुरावा यांचा प्रश्न सर्वांत तीव्रपणे उभा राहतो तो देवगड तालुक्यातील विजयदुर्गावर. वाघोटण खाडीच्या मुखाशी असलेल्या या किल्ल्यावर काही चौथरे आहेत, त्यांना साहेबाचे ओटे म्हणतात, आणि १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी नॉर्मन लॉकयर यांनी येथूनच हेलियम वायूचा शोध लावला, असे अनेक ठिकाणी सांगितले आणि लिहिले जाते. दर वर्षी १८ ऑगस्टला किल्ल्यावर हेलियम दिनही साजरा होतो. त्या ग्रहणाचा खग्रास पट्टा विजयदुर्गाच्या परिसरावरून गेला हे खरे आहे. मात्र लॉकयर त्या दिवशी भारतात नव्हते. वर्णपटदर्शक, म्हणजे प्रकाश त्याच्या घटक रंगांत विभागून दाखवणारे उपकरण, वापरून ग्रहणकाळी सूर्याच्या कडेवरील ज्वालांचे निरीक्षण करणारे फ्रेंच शास्त्रज्ञ पिएर जान्सेन गुंटूर येथे होते, आणि मछलीपट्टणहून नॉर्मन पॉगसन यांनीही त्या प्रकाशातील तेजस्वी रेषा पाहिल्या होत्या. लॉकयर यांनी २० ऑक्टोबर १८६८ रोजी इंग्लंडमध्ये, ग्रहणावाचूनच, सूर्याच्या कडेचा वर्णपट मिळवला. त्यातील पिवळी रेषा सोडियमच्या रेषांशी जुळत नाही हे लक्षात आल्यावर ती एका नव्या मूलद्रव्याची असावी असा निष्कर्ष पुढे निघाला आणि सूर्याच्या ग्रीक नावावरून त्याला हेलियम म्हटले गेले. पृथ्वीवर हा वायू विल्यम रॅम्से यांना १८९५ मध्ये मिळाला. लॉकयर ग्रहण पाहायला भारतात आले ते १८७१ मध्ये, आणि १२ डिसेंबरचे ते ग्रहण त्यांनी मलबार किनाऱ्यावरील बेकल किल्ल्यातून पाहिले.

हा तपशील येथे विस्ताराने देण्याचे कारण असे की, चुकीचा दावा काढून टाकल्याने विजयदुर्गाची गोष्ट लहान होईल ही भीती अनाठायी आहे. ग्रहणाची सावली अरबी समुद्रावरून येऊन ज्या किनाऱ्यावर चढली तो हाच किनारा, आणि तेथून ती सावली द्वीपकल्प ओलांडून गुंटूर आणि मछलीपट्टणपर्यंत गेली. त्या एका दिवसाने आणि त्यानंतरच्या दोन महिन्यांनी सूर्य कशाचा बनला आहे या प्रश्नाचे स्वरूप बदलले. ओट्यांजवळ सावलीच्या वाटेचा नकाशा लावून त्यावर विजयदुर्ग, गुंटूर, मछलीपट्टण ही नावे दाखवली, लॉकयर यांचे काम कोठे आणि केव्हा झाले हे लिहिले, आणि ओट्यांविषयीची स्थानिक परंपरा 'परंपरा' म्हणूनच नोंदवली, तर शाळेतील मुलगाही एका फलकासमोर खगोलशास्त्र आणि इतिहासलेखन या दोहोंचा धडा घेऊन जाईल. ज्या गावाने एका वैज्ञानिक घटनेसाठी वर्षातील एक दिवस राखून ठेवला आहे, त्या गावाला अचूक फलकाचा अधिकार आहे.

परंपरा पुराव्यापेक्षा कमी मोलाची असते असे यावरून समजू नये. मालवण तालुक्यातील धामापूरचा तलाव १५३० मध्ये नागेश देसाई यांनी बांधला, आणि २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय सिंचन व जलनिस्सारण आयोगाने त्याला जागतिक वारसा सिंचन वास्तूचा दर्जा दिला. जवळजवळ पाच शतके हा तलाव धामापूर आणि काळसे गावांच्या शेतीला आधार देत आला आहे. त्याच्या काठी भगवतीचे देऊळ आहे, आणि लग्नकार्यासाठी देवीकडे दागिने मागितले की ते तळ्यातून परडीत तरंगत येत, कार्य झाल्यावर ते परत करायचे, आणि एकदा कोणीतरी ते परत केले नाहीत तेव्हापासून देवीने देणे थांबवले, अशी कथा सांगितली जाते. बांधणीचे वर्ष आणि ही कथा एकाच फलकावर शेजारी-शेजारी असावीत. पहिल्याने तलाव कोणी आणि केव्हा बांधला हे कळते. दुसरीने, पाणी हे सर्वांचे असून घेतलेले परत करण्याच्या बोलीवर ते मिळते, हे गावाने आपल्या मुलांना कसे शिकवले ते कळते.

कुडोपीची गोष्ट आणखी निराळी आहे, कारण तेथे कागद नाही आणि राजाही नाही. मालवण तालुक्यातील या गावाच्या सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या, सपाट पठारावर, माणसांच्या आणि प्राण्यांच्या मोठमोठ्या आकृती कोरलेल्या आहेत. अशा चित्रांना कातळशिल्पे म्हणतात. स्थानिक लोक या जागेला बावल्यांचे टेंब म्हणून ओळखतात, म्हणजे अभ्यासक येण्यापूर्वीही गावाला ती ठाऊक होती आणि गावाने तिला नाव दिलेले होते. २०२२ मध्ये भारताने कोकणातील नऊ कातळशिल्पस्थळे युनेस्कोच्या संभाव्य यादीत नोंदवली. त्यांत रत्नागिरी जिल्ह्यातील सात, गोव्यातील एक आणि सिंधुदुर्गातील हे एक आहे. या शिल्पांना तट नाही आणि छप्परही नाही. चिरेखाण, रस्ता, वाहनाचे चाक आणि उत्साही पर्यटकाचे पाऊल यांपैकी कशानेही ती झिजू शकतात, आणि म्हणून येथे दाखवणे व राखणे ही दोन कामे एकमेकांपासून वेगळी करता येत नाहीत. रत्नागिरी जिल्ह्यातील उक्षी येथे हत्तीच्या आकृतीभोवती जांभ्याचा गडगा घालून हा प्रश्न स्थानिक पद्धतीने सोडवला गेला. गडगा म्हणजे चुना न वापरता रचलेली दगडी भिंत; ती कोकणातील प्रत्येक शेतकऱ्याला रचता येते, सड्याच्या रंगात मिसळून जाते आणि पाहणाऱ्याला कोठे थांबायचे हे न लिहिता सांगते. आकृती जमिनीवर आडव्या असल्याने उभ्या माणसाला त्यांची रूपरेषा चटकन उमगत नाही, विशेषतः दुपारच्या उन्हात. म्हणून गडग्याजवळ थोड्या उंचावर प्रत्येक आकृतीचे रेखाचित्र, त्याच दिशेने मांडलेले, असणे फार उपयोगाचे ठरते, आणि सकाळी किंवा संध्याकाळी तिरप्या उन्हात रेघा उठून दिसतात ही एक ओळही त्यावर हवी.

किल्ले आणि प्राचीन चित्रे यांना फलक मिळतात, पण ज्यांच्या हातांनी हा किनारा चालला त्यांना ते क्वचित मिळतात. लंडनमध्ये प्रसिद्ध व्यक्तींच्या घरांवर नामपट्ट्या लावण्याची योजना १८६६ मध्ये सुरू झाली आणि पहिली पट्टी पुढच्या वर्षी कवी बायरन यांच्या जन्मस्थानी लागली. तेथेही सुरुवातीला थोरामोठ्यांचाच विचार झाला. मालवण किनाऱ्यावरील गाबीत समाज मासेमारी आणि नौकानयन यांत पिढ्यान्‌पिढ्या आहे. किनाऱ्यावरून समुद्रात अर्धवर्तुळाकार जाळे सोडून ते दोन्ही बाजूंनी अनेकांनी मिळून ओढायचे, या रापणीच्या पद्धतीत कामाची आणि वाट्याची जी व्यवस्था आहे ती एक सामाजिक संस्थाच आहे. जेथे रापण ओढली जाते तेथे, होडीचे भाग आणि जाळ्याचे प्रकार मालवणीतील त्यांच्या खऱ्या नावांनी दाखवणारा फलक उभा राहिला, तर किल्ल्याचा इतिहास त्याला जोडला जाईल, कारण खडकांतील वाट ठाऊक असणारी माणसे याच किनाऱ्यावरची होती. वेंगुर्ल्यातील सतराव्या शतकातील डच वखारीचे अवशेषही असेच. तेथून डच ईस्ट इंडिया कंपनी व्यापार करीत होती आणि पोर्तुगीजांच्या गोव्याची सागरी कोंडी करणाऱ्या आरमारालाही रसद मिळत होती, म्हणजे वेंगुर्ल्याचे बंदर त्या काळी युरोपातील सत्तास्पर्धेच्या वर्तुळात होते.

सांगणाऱ्यावाचून चित्र अपुरे असते, हे सिंधुदुर्गाला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. कुडाळजवळच्या पिंगुळी गावातील ठाकर आदिवासी कलावंत चित्रकथीची परंपरा चालवतात. चित्रकथी म्हणजे कागदावर रंगवलेली चित्रे एकामागून एक प्रेक्षकांसमोर धरून, वाद्यांच्या साथीने रामायण-महाभारतातील कथा गाऊन सांगणे. तेथील परशुराम गंगावणे यांनी गुरांच्या गोठ्यात या कलेचे संग्रहालय उभे केले आणि २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. या संग्रहालयात वस्तू, ती बनवणारा आणि तिची गोष्ट सांगणारा हे तिघे एका अंगणात आहेत. किल्ल्याकडे जाणारे होडीवाले, देवळातील मानकरी, तळ्याच्या काठचे शेतकरी हेसुद्धा सांगणारेच आहेत, आणि फलक लिहिण्यापूर्वी त्यांना विचारले तर जागांची नावे, वाऱ्यांची नावे, पूर्वी कोठे काय होते याच्या खुणा मिळतात, ज्या कोणत्याही दप्तरात सापडणार नाहीत. मजकूर आधी मराठीत लिहिला जावा आणि मग इतर भाषांत जावा. उलट क्रमाने गेल्यास गावाची नावे बिघडतात.

उरतो तो टिकाऊपणाचा प्रश्न. वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, खारे वारे आणि उन्हाळ्यातील प्रखर ऊन यांपुढे लोखंडी पत्रा गंजतो आणि फ्लेक्सवरील रंग लवकर फिके पडतात. जांभ्याच्या ओट्यावर तिरपी बसवलेली काळ्या दगडाची शिळा आणि तीवर खोल कोरलेला मोजका मजकूर, ही जुनीच पद्धत आजही या हवामानाला सर्वांत योग्य आहे. नकाशा आणि चित्रे यांसाठी भट्टीत भाजलेल्या मुलाम्याचे पत्रे चालतात. पावसाळा संपल्यावर शेवाळ काढणे आणि अक्षरांत रंग भरणे हे काम ग्रामपंचायतीला आणि शाळेला मिळून सहज करता येते. शिळेवर थोडे लिहून सविस्तर मजकूर, त्याच्या आधारांसह, गावच्या ग्रंथालयात ठेवावा, आणि शिळेच्या तळाशी तो मजकूर कोणत्या वर्षी आणि कोणी लिहिला हे नोंदवावे, म्हणजे पुढे नवा पुरावा मिळाल्यावर कोणती ओळ बदलायची हे त्या वेळच्या माणसांना कळेल.